छोटा सबवूफर आतून कसा बांधलाय ते बाहेरून कसं ओळखायचं

सबवूफर, थोडक्यात सब, म्हणजे फक्त बास (खालचे जाड सूर) वाजवणारा स्पीकर. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात वॉट छापलेले असतात आणि नेमका तोच आकडा सबबद्दल सगळ्यात कमी सांगतो. त्यातही छोट्या सबबद्दल तर काहीच नाही. छोटा म्हणजे साधारण ३०-३५ सेंटीमीटरच्या आतला चौकोनी डबा, सोफ्याच्या बाजूला किंवा टीव्हीच्या खाली मावेल असा. एवढ्याशा डब्यातून खरा खोल बास काढायचा तर बनवणाऱ्याला बाकी सगळीकडे खर्च करावा लागतो, मॅग्नेटवर, अ‍ॅम्पवर, डब्याच्या भिंतींवर, आणि जिथे त्याने हात आखडता घेतलाय तिथेच पुढे आवाज फाटतो. ती जागा कुठली हे विकत घ्यायच्या आधी शोधून काढायचं, एवढंच या लेखात आहे. आधी थोडी आकडेमोड जी घरी बसून होते, मग डबा हातात घेऊन बघायच्या गोष्टी, मग एक टेस्ट टोन आणि शेवटी घरी आणल्यावरचं थोडंसं.

स्टेप १: किती हवा ढकलतोय ते काढा

बास म्हणजे हवा ढकलणं, बाकी सगळं नंतर. कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा तो पडदा, त्याचं क्षेत्रफळ गुणिले तो एका बाजूला किती सरळ हलू शकतो तो स्ट्रोक, झालं. ८ इंची ड्रायव्हरचं (कोन, कॉइल आणि मॅग्नेट मिळून जो आवाज काढणारा भाग होतो त्याचं) कामाचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटीमीटर असतं, १० इंचीचं ३४० आणि १२ इंचीचं ५०० च्या आसपास. नावातले इंच फ्रेमसकट मोजलेले असतात, म्हणून शाळेच्या सूत्राने काढायला गेलात तर उत्तर जास्त येईल.

आता ८ इंचीचा स्ट्रोक एका बाजूला १२ मिलीमीटर धरला तर एका धक्क्यात तो साधारण २५८ घन सेंटीमीटर हवा हलवतो आणि तेवढ्याच स्ट्रोकचा १२ इंची ६०० हलवतो. हा फरक जवळजवळ ७ डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) होतो, आणि तो कुठल्याही बटनाने भरून निघत नाही. शिवाय तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली हवा असेल, म्हणजे ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० कंपनं) जो मिळतोय तोच २५ हर्ट्झवर, तर चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून छोटा सब ६० हर्ट्झला दणकून वाजतो आणि ३० च्या खाली गप्प होतो, त्यात नवल काही नाही.

एक गोची लक्षात ठेवा. काही कंपन्या स्ट्रोकचा आकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत देतात आणि काही फक्त एका बाजूचा. "पीक टू पीक" असं लिहिलं असेल तर निम्मा करा मगच दुसऱ्याशी तुलना करा. आणि स्ट्रोक कुठेच दिलेला नसेल, नुसतं "लाँग थ्रो" लिहिलं असेल, तर त्या शब्दाला शून्य मार्क.

यामागे एक जुना नियम आहे, हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात त्याला. जोसेफ अँटन हॉफमन म्हणजे केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला एच. छोटा डबा, खोल बास आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज या तीनपैकी दोनच मिळतात, तिसरं सोडावं लागतं. आजचे बरेच छोटे सब पहिली दोन घेतात आणि तिसऱ्याच्या बदल्यात वॉट ओततात. बंद डब्याचा सब ५० हर्ट्झपासून उतरायला लागला तर २५ हर्ट्झपर्यंत तो १२ डीबीने खाली गेलेला असतो, तो इलेक्ट्रॉनिक्सने वर उचलायचा तर १६ पट पॉवर लागते. म्हणजे १००० वॉट लिहिलेले बघून हरखून जायचं कारण नाही, लहान डब्याचा दंड भरण्यातच त्यातले बरेचसे जातात. १९९६ मध्ये बॉब कार्व्हरने त्याच्या सनफायर कंपनीचा जेमतेम ११ इंची ठोकळा आणला तेव्हा २७०० वॉटच्या अ‍ॅम्पचा दावा याच कारणासाठी होता.

आणि ती पॉवर जाते कुठे? बहुतेक सगळी कॉइलमध्ये, म्हणजे कोनला हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, उष्णता होऊन. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्क्यांनी वाढतो, कॉइल १५० डिग्रीने तापली की तो दीडपटीच्या वर जातो आणि तेवढ्याच व्होल्टेजला पॉवर कमी घेतली जाते. मग सिनेमाच्या पहिल्या मारामारीत जोरदार वाटलेला सब शेवटच्या मारामारीत मवाळ वाटतो. म्हणून कॉइलचा व्यास किती आणि ती थंड व्हायला वाट ठेवलीय का, हे वॉटपेक्षा जास्त महत्त्वाचं.

स्टेप २: सील्ड, पोर्टवाला की पॅसिव्ह रेडिएटरवाला

सील्ड म्हणजे पूर्ण बंद डबा. आतली हवाच स्प्रिंगचं काम करते, ही कल्पना एडगर विल्चरने १९५४ मध्ये एआर-१ स्पीकरमधून बाजारात आणली आणि छोट्या डब्यातून बास निघू शकतो हे पहिल्यांदा तिथेच नीट सिद्ध झालं. सील्डचा बास खाली हळूहळू उतरतो, ऑक्टेव्हला १२ डीबीने, आणि ड्रायव्हर हवेच्या कह्यात राहतो. छोट्या डब्यासाठी मला सगळ्यात कमी भानगडीचा प्रकार हाच वाटतो.

पोर्टवाल्याचं, म्हणजे डब्यात हवा ये-जा करायला नळी (पोर्ट) ठेवलेल्याचं, गणित मात्र एकदा स्वतः करून बघा, डोळे उघडतात. २० लिटरचा डबा २५ हर्ट्झला ट्यून करायचा (म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुराला सगळ्यात जोर धरते तो सूर २५ वर ठेवायचा) आणि हवा मोकळी वाहावी म्हणून १० सेंटीमीटर व्यासाचा पोर्ट द्यायचा तर तो पाईप साधारण १८० सेंटीमीटर लांब लागतो. डब्याची बाजूच मुळात २७-२८ सेंटीमीटर, पाईप बसवणार कुठे. मग व्यास ५ सेंटीमीटर करायचा, तर लांबी ४३ वर येते, वळवून बसतो, पण एवढ्या बारीक नळीतून हवा इतक्या वेगाने धावते की फुसफुस ऐकू यायला लागते. सेकंदाला १७ मीटरच्या आसपास वेग गेला की त्रास सुरू होतो असा ढोबळ अंदाज डिझाइन करणारे वापरतात. यावर उपाय म्हणून बरेच जण सरळ ट्यूनिंगच ४०-४५ हर्ट्झला आणून ठेवतात, मग पोर्ट आखूड होतो, ४५ ला एक मोठा उंचवटा येतो आणि दुकानात "काय बास आहे" असं वाटतं. त्याच्या खाली मात्र ऑक्टेव्हला २४ डीबीने कडा तुटते, वर ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो. तेव्हा छोटा पोर्टवाला सब बघितला की आधी पोर्टमध्ये बोट घाला, तोंडाला दोन्हीकडे गोलाई आहे का की कापलेली प्लास्टिकची नळी तशीच चिकटवलीय. आतल्या टोकाला बोट पोचत नसेल तर मोबाईलचा टॉर्च मारा.

पॅसिव्ह रेडिएटर म्हणजे पोर्टच्या जागी कॉइल-मॅग्नेट नसलेला जड कोन. लांब पाईपचं काम वजन करतं, म्हणून छोट्या डब्यात खोल ट्यूनिंग जमतं आणि फुसफुस नाही. पण तो रेडिएटर ड्रायव्हरपेक्षा साधारण दुप्पट हवा हलवू शकला पाहिजे, नाहीतर तोच आधी टोकाला जाऊन आपटतो. ८ इंची ड्रायव्हरला एकच ८ इंची रेडिएटर दिसला तर मी शंका घेतो. समोरासमोरच्या बाजूंना दोन असतील तर हवाही पुरते आणि त्यांचे धक्केही एकमेकांना मारतात.

इथे आणखी एक गोष्ट जी फारसं कोणी बघत नाही. रेडिएटर किंवा ड्रायव्हर जमिनीकडे तोंड करून बसवला असेल तर गुरुत्वाकर्षणाने तो खाली ओघळतो, किती ते त्याच्या मोकळ्या रेझोनन्सवरून (धक्का दिला की तो स्वतःहून ज्या सुराला हलतो त्यावरून) निघतं. २५ हर्ट्झवाला ड्रायव्हर फक्त ०.४ मिलीमीटर खाली येतो, त्याने काही बिघडत नाही, पण १२ हर्ट्झचा जड रेडिएटर १.७ मिलीमीटर उतरतो आणि सस्पेन्शन (कोनला धरून ठेवणारा लवचिक भाग) ढिलं पडत गेलं की वर्षागणिक आणखी. म्हणून ड्रायव्हर खाली चालेल, रेडिएटर बाजूला असलेला बरा.

स्टेप ३: स्पेक शीट वाचताना

"२० हर्ट्झ ते १५० हर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर ते वाचलं नाही असं समजा. पुढे ± ३ डीबी हवं, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज ३ डीबीपेक्षा जास्त वरखाली होत नाही. काही जण उणे ६ चा आकडा देतात, काही उणे १० चा, आणि काही काहीच सांगत नाहीत. तोच सब उणे १० ने मोजला तर २४ हर्ट्झ आणि ± ३ ने मोजला तर ३५ हर्ट्झ असं सहज होऊ शकतं.

पण डीएसपीवाल्या (आवाज डिजिटल प्रोसेसरने सांभाळणाऱ्या) सबमध्ये ± ३ चा आकडा खरा असूनही फसवू शकतो. हळू आवाजात सब खरंच २० पर्यंत सपाट जातो, आवाज वाढवला की आतला लिमिटर आधी सगळ्यात खालच्या सुरांना कात्री लावतो कारण स्ट्रोक तिथेच संपतो. यात वाईट काही नाही, उलट तो लिमिटर नसेल तर कॉइल मागच्या प्लेटवर आपटेल. फक्त "किती खाली जातो" हा प्रश्न अर्धा आहे, "कुठल्या आवाजाला" हा उरलेला अर्धा.

त्याचं उत्तर सीटीए-२०१० या मोजमापात मिळतं, पूर्वी त्याला सीईए-२०१० म्हणायचे. त्यात एकेका फ्रीक्वेन्सीला छोटे छोटे झटके देऊन डिस्टॉर्शन (मूळ सुरात नसलेली भेसळ) ठरावीक मर्यादेत राहील तोवरचा जास्तीत जास्त आवाज मोजतात. स्वतंत्र परीक्षणात हे टेबल सापडलं तर सोनं समजा, पण दोन परीक्षणांची तुलना करताना अंतर आणि पद्धत बघा. १ मीटरवरचा पीक (क्षणिक टोकाचा आकडा) आणि २ मीटरवरचा आरएमएस (एक प्रकारची सरासरी) यात नुसत्या मोजण्याने ९ डीबीचा फरक पडतो आणि त्यावरून लोक उगाच भांडत बसतात.

वॉटमध्ये आरएमएस किंवा कंटिन्युअस बघा, पीक सोडून द्या. मागच्या प्लेटवर जो वीजवापर लिहिलेला असतो तो पुष्कळदा सरासरी वापराचा असतो, त्यामुळे "प्लेटवर ८० वॉट लिहिलंय म्हणजे ३०० खोटे" असा निष्कर्ष लगेच काढू नका.

स्टेप ४: डबा

इथे जरा थांबू, कारण छोट्या सबची खरी परीक्षा डब्यातच होते.

१५ लिटरचा सील्ड डबा घ्या, आत ८ इंची ड्रायव्हर, तो १५ मिलीमीटर आत गेला. म्हणजे ३२० घन सेंटीमीटर हवा १५ लिटरमध्ये कोंबली, साधारण २ टक्के, आणि हवेला पसरायला वेळ मिळत नाही म्हणून दाब त्याहून जास्त, ३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २५ बाय २५ सेंटीमीटरच्या एका भिंतीवर हा भार होतो साधारण १९ किलो. एकदा बाहेर, एकदा आत, आणि ३० हर्ट्झ वाजत असेल तर सेकंदाला ३० वेळा. मोठ्या डब्यात हीच हवा कोंबली तर दाब किरकोळ असतो. म्हणजे डबा जितका छोटा तितका तो जास्त मजबूत आणि जास्त हवाबंद हवा, आणि बाजारात बरेचदा नेमकं उलटं दिसतं, छोटा आहे म्हणून १२ मिलीमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड).

पॅनलचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ चा १८ केला की ३.४ पट, १८ चा २५ केला की आणखी २.७ पट. ड्रायव्हर ज्या पॅनलवर बसलाय तो तरी १८ च्या वर असावा, शक्य तर २५. बाकी भिंतींना आतून एखादी आडवी पट्टी, ब्रेस, दिली तरी फार फरक पडतो कारण मोकळा भाग निम्मा होतो. जाडी बाहेरून कळायची युक्ती अशी की पोर्टचं तोंड किंवा लाकडाच्या पातळीत बसवलेल्या ड्रायव्हरची कड जिथे लाकूड उघडं पडतं तिथे बघा. ते जमत नसेल तर बाहेरच्या मापातून काढलेले लिटर आणि कंपनीने दिलेले आतले लिटर यांच्यातला फरक बघा, भिंतींनी किती जागा खाल्लीय ते समजतं.

ठोकून बघायची पद्धत सगळ्यांना माहितीय, बोटाच्या सांध्याने टकटक. मधोमध ठोका, मग कडेला, मग मागच्या अ‍ॅम्प प्लेटवर. आवाज बुटका आणि लगेच मेला पाहिजे, "ठक". "ठोंग" असं रेंगाळत असेल तर पॅनल मोकळं आहे. तरी छोट्या डब्याला इथे निसर्गाची सवलत मिळते, लहान पॅनलचा रेझोनन्स आपोआप वर जातो, सबच्या पट्ट्याच्या बराच वर, म्हणून ठोकण्याची परीक्षा पास झाली म्हणजे सगळं जिंकलं असं नाही. प्लेट मात्र हमखास नापास होते, पातळ पत्र्याची असते.

आत फोम किंवा पॉलिस्टर भरलंय का यावरून बरेच वाद होतात. २५ सेंटीमीटरच्या डब्यात उभी लाट तयार व्हायची तर ती जवळपास ६८६ हर्ट्झला होते आणि सब तिथपर्यंत जातच नाही, त्यामुळे भिंतीला चिकटवलेला खाचाखाचांचा फोम सबमध्ये शोभेपुरताच. पूर्ण डबा मऊ पॉलिस्टरने भरला तर मात्र हवेला डबा थोडा मोठा भासतो, त्याचा उपयोग आहे.

आता धक्क्याचं बोलू. १०० ग्रॅमचा कोन ४० हर्ट्झवर १० मिलीमीटर हलत असेल तर डब्याला उलट दिशेने साधारण साडेसहा किलोचा धक्का बसतो. डबा १२ किलोचा असेल तर त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. गुळगुळीत फरशीवर असा डबा चक्क चालायला लागतो, टीव्ही युनिटवर ठेवला तर युनिटला नाचवतो. याला दोन उत्तरं, एक म्हणजे वजन आणि चांगले रबरी पाय, दुसरं म्हणजे दोन ड्रायव्हर पाठीला पाठ लावून, एकाच वेळी दोघं बाहेर आणि दोघं आत, म्हणजे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. केईएफ कंपनीचा केसी६२ सब याच तत्त्वावर आहे, दोन साडेसहा इंची ड्रायव्हर, समाईक मॅग्नेट, अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणि एवढ्याशा आकाराला १४ किलो वजन. एसव्हीएस कंपनीच्या ३००० मायक्रोमध्ये दोन ८ इंची असेच समोरासमोरच्या बाजूंना. छोट्या सबमध्ये ही रचना दिसली तर मी तिला वॉटपेक्षा आणि अ‍ॅपपेक्षा जास्त मार्क देतो, कारण डबा थरथरला नाही की त्याचे स्क्रू, प्लेट, जाळी, टेबल काहीच खडखडत नाही.

स्टेप ५: ड्रायव्हर

जाळी निघत असेल तर काढा. सराउंड, म्हणजे कडेची गोल लवचिक पट्टी, रबराची हवी. फोमची पट्टी दमट हवेत आणि उन्हात काही वर्षांनी भुसभुशीत होऊन तुटते, जुन्या स्पीकरची तीच रड असते. छोट्या सील्ड डब्यात सराउंडला आणखी एक काम आहे, आतल्या त्या दाबाला पुरून उरायचं. फार मऊ असेल तर कोन आत जाताना सराउंड उलट बाहेर फुगतो आणि तेवढी ढकललेली हवा वाया. अंगठ्याने हलकेच दाबून बघा, जाड आणि चिवट लागली पाहिजे. फार रुंद पट्टी मात्र कोनचं क्षेत्रफळ खाते, म्हणजे एकाच नावाच्या दोन ८ इंची ड्रायव्हरमध्येही कोन मोजून घेतलेला बरा.

मग दोन्ही हातांची बोटं कोनवर गोलाकार पसरून अगदी सावकाश आत दाबा, मधल्या टोपीवर जोर नको, ती चेपते. हे सब बंद असताना करायचं आणि दुकानदाराला विचारून. सरळ आत गेला पाहिजे, कुठेही खरखर किंवा घासल्याचं जाणवलं तर कॉइल वाकडी बसलीय, तो पीस नकोच.

याच दाबण्यात गळतीही कळते. सील्ड डब्यात कोन आत दाबून धरा, हवेचा उलट दाब बोटांना लागतो, तो तसाच राहायला हवा. क्षणात सैल पडला तर हवा कुठूनतरी पळतेय. हळूहळू सैल पडणं चालतं, काही डब्यांत बाहेरच्या हवेशी दाब सारखा राहावा म्हणून बारीक वाट मुद्दाम ठेवतात. पॅसिव्ह रेडिएटरवाल्यात तर अजून सोपं, इकडे दाबलं की तिकडे रेडिएटर बाहेर येतो आणि तुम्ही धरून ठेवाल तोवर बाहेर राहायला हवा.

फ्रेम ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असेल तर उत्तम, पत्र्याची असेल तर लगेच नाक मुरडू नका, ८ इंचीला जाड पत्राही पुरतो. स्क्रू बघा. मशीन स्क्रू आणि मागे धातूची नट असेल तर ड्रायव्हर दहा वेळा काढा-घाला. साधे लाकडाचे स्क्रू थेट एमडीएफमध्ये मारलेले असतील तर दोन-तीनदा काढल्यावर भोक मोठं होतं आणि पकड जाते. आत स्पायडर (कोनला मागून मधोमध धरणारी लवचिक चकती) कसला, तारा त्यात विणल्यात की मोकळ्या लोंबतायत, मॅग्नेटमध्ये तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा आहेत का, हे सगळं बाहेरून दिसत नाही, कुणी उघडून फोटो टाकले असतील तर बघून घ्या.

स्टेप ६: अ‍ॅम्प

आता जवळपास सगळेच क्लास डी प्रकारचा वापरतात, कमी तापतो म्हणून छोट्या डब्यात मावतो. तरी हात लावून बघा, तासभर वाजवल्यावर प्लेट कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर आतले कपॅसिटर लवकर म्हातारे होणार.

प्लेट आणि डबा यांच्यातली फोमची गास्केट (हवा निसटू नये म्हणून लावलेली पट्टी) हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. एका ओळखीच्याचा ८ इंची सील्ड सब मोठ्या आवाजात "फस्स, फस्स" करायचा, त्याचा समज ड्रायव्हर फाटला. ३० हर्ट्झचा टोन लावून टिश्यू पेपरची बारीक पट्टी प्लेटच्या कडेने फिरवली तर खालच्या डाव्या कोपऱ्यात पट्टी जोरात फडफडली, बाकी सगळीकडे स्थिर. स्क्रू काढून बघितलं तर गास्केट तिथे दुमडलेली, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी फट. नवीन बंद पेशींचा फोम टेप लावला, काम संपलं. हे तुम्ही करणार असाल तर सब प्लगमधून काढून बराच वेळ तसाच राहू द्या, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि सर्किटला हात लावू नका. वॉरंटीत असेल तर तेही नको, सर्व्हिस सेंटरला द्या.

कंट्रोलमध्ये फेज फिरवायची सोय (कोनची हालचाल बाकी स्पीकरशी जुळवायला), क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचं काम सब करतो ती सीमा) बंद करायची सोय आणि नीट चालणारा ऑटो-ऑन (आवाज आला की आपोआप चालू होणं) एवढं पुरे. ऑटो-ऑन हळू आवाजात झोपी जातो ही तक्रार फार कॉमन आहे, परीक्षणात तेवढं शोधून वाचा.

स्टेप ७: स्वीप लावा

गाणी नंतर. मोबाईलवर कुठलंही टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, बाकीचे स्पीकर बंद, १२० हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू खाली या, आवाज मध्यम. पोर्टवाल्याला त्याच्या ट्यूनिंगच्या खाली, छोट्यात बरेचदा ४०-४५ च्या खाली, जोरात वाजवू नका, वर सांगितलं तसं कोन मोकाट सुटतो.

काय ऐकायचं? खडखड कुठल्या फ्रीक्वेन्सीला येते ते लिहून ठेवा, मग त्या टोनवर थांबून एकेक भाग हाताने दाबा. जाळी दाबल्यावर थांबली तर जाळी, प्लेट दाबल्यावर थांबली तर प्लेट, काहीच दाबून थांबत नसेल तर आधी खोलीतली काच, कपाटाची दारं, भिंतीवरच्या फ्रेम बघा, निम्म्या वेळा तेच निघतं. डब्यावर एक नाणं उभं करून ठेवा, ४० हर्ट्झला ते उभं राहिलं तर डबा फार उत्तम बांधलाय.

मग सगळ्यात महत्त्वाचा कान लावायचा तो ३० च्या खाली. तिथे चांगला सब ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. २५ हर्ट्झ नुसता ऐकू यायला साधारण ६९ डीबी लागतात आणि ८० हर्ट्झला ३२ च्या आसपास पुरतात, इतका आपला कान खाली बहिरा आहे. त्यामुळे २५ हर्ट्झ वाजवताना ड्रायव्हरने थोडीशी जरी गडबड केली आणि ५० आणि ७५ हर्ट्झची भेसळ झाली तर आपल्याला ती भेसळच मोठ्याने ऐकू येते. टोन २५ वर आणला आणि तरी एक स्पष्ट, गुणगुणल्यासारखा सूर ऐकू येतोय, तो "बास" नाहीये, तो डिस्टॉर्शन आहे. नवख्यांना हाच सब जास्त दमदार वाटतो, आणि सिनेमा बघताना याच भेसळीमुळे सब कुठे ठेवलाय ते डोळे मिटूनही कळतं.

संगीतापुरतं बघायचं तर बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ आणि पियानोची शेवटची पट्टी २७.५. तेव्हा ३५ पर्यंत स्वच्छ जाणारा छोटा सब गाण्यांना भरपूर झाला. २० चा हट्ट सिनेमावाल्यांचा, आणि तो हट्ट असेल तर खरं सांगायचं तर मोठा डबा घ्या.

स्टेप ८: घरी आणल्यावर

छोट्या सबला खोलीची मदत लागते. खोलीची सगळ्यात लांब बाजू ५ मीटर असेल तर पहिला रेझोनन्स ३४ हर्ट्झला येतो आणि त्याच्या खाली बंद खोली बासला उचलून धरायला लागते. सील्ड सब जिथे उतरायला लागतो तिथेच खोली वर उचलते, म्हणून घरी तो स्पेकपेक्षा खोल वाटू शकतो. दारं मोकळी असतील किंवा हॉल-किचन एकच असेल तर ही मदत फार कमी मिळते.

जागा शोधायला सब बसायच्या खुर्चीवर ठेवा, एखादं बासवालं गाणं लावा, आणि तुम्ही भिंतीकडेने खाली वाकून फिरा, जिथे बास सगळ्यात सारखा ऐकू येतो तिथे सब. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा मिळतो आणि छोट्या सबला तो हवाही असतो, फक्त घुमायला लागला तर फूटभर बाहेर ओढा. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. मुख्य स्पीकर अगदी छोटे असतील तर १०० पर्यंत चालेल, त्याच्या वर नेलात तर बायकांचे नाही पण पुरुषांचे आवाज सबमधून यायला लागतात आणि मजा जाते.

एकाने पुरत नसेल तर त्याच मॉडेलचा दुसरा घ्या आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. दोघं एकत्र ६ डीबीपर्यंत जास्त देतात, प्रत्येकाचा स्ट्रोक कमी लागतो म्हणून भेसळ कमी, आणि एका खुर्चीवर बास धो धो तर दुसरीवर गायब हा प्रकारही बराच आटोक्यात येतो. दोन छोटे की एक मोठा असा प्रश्न असेल आणि जागा दोन्हीला असेल तर गाण्यांसाठी मी दोन छोटे घेईन.

महिना-दोन महिन्यांनी ड्रायव्हरचे आणि प्लेटचे स्क्रू एकदा हाताने तपासा, एमडीएफ बसतो आणि ते थोडे सैल होतात. समोरासमोरचे असे आळीपाळीने पाव पाव फेरा आवळा, इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर वापरू नका, लाकडातली भोकं एका झटक्यात खराब होतात. झालं की तोच स्वीप परत एकदा लावून बघा.